यातले दहा कोणी काढले?

मी एक जुनी टेप आहे, मोजायची. माझ्या पेटीवर पाच मीटर असं छापलेलं आहे, पण ते खरं नाही. ते का खरं नाही, एवढंच मला सांगायचं आहे. मित्रांनो, मला बोलायची सवय नाही. आकडा दाखवणं हे माझं काम, तो उच्चारणं माणसाचं. माझ्या जागी ओळंबा असता, किंवा ती हिरव्या बुडबुड्याची पाणसळ असती, तर त्यांनी हे जास्त सरळ सांगितलं असतं. माझा तर जन्मच गुंडाळी होऊन राहण्यात गेला. तेव्हा कुठे मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

पोलादाच्या एका लांबलचक पत्र्यातून मला कापून काढलं, पिवळा रंग दिला आणि अंगावर काळे आकडे उमटवले. दर दहाव्या आकड्याला लाल रंग. टोकाला एक लहानशी आकडी बसवली, भिंतीच्या कडेला धरून राहण्यासाठी. मग वजनमापवाल्यांनी मला ताणून पाहिलं, खरी आहे म्हणाले आणि माझ्या पेटीवर शिक्का मारला. त्या शिक्क्याचा मला फार अभिमान होता. पुढे सगळ्यांना त्याच शिक्क्याचा फास बसला, पण ते नंतर.

मी इमारत तपासणीच्या कचेरीत आले. हे काम काय असतं, तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल. कोणी इमारत बांधली की तिच्यात माणसं राहायला येण्याआधी अर्ज करावा लागतो. कचेरी तारीख देते. त्या तारखेला तपासनीस येतो, जिना किती रुंद, कठडा किती उंच, दार कुठल्या बाजूला उघडतं, सगळं मोजतो. नियमात बसलं तर सही करतो. त्या सहीनंतरच आत चूल पेटते, पलंग लागतात.

माझे साहेब तपासनीस होते. उंच, किडकिडीत, पुढे थोडे वाकलेले. दारं मोजून मोजून वाकलेत, असं कचेरीत म्हणायचे. मला गुंडाळण्याआधी ते खिशातला रुमाल काढून माझ्या अंगावरून फिरवत, म्हणजे पेटीत वाळूचा कण जाऊ नये. एका छापखान्याचं मागचं दार आत उघडत होतं. साहेबांनी ते बाहेर उघडेल असं फिरवून घेतलं तेव्हा मालकाने त्यांना वाटेल ते ऐकवलं होतं. पुढच्या वर्षी तिथे कागदाला आग लागली आणि चाळीस माणसं त्या दाराला नुसती ढकलून बाहेर पडली. छापखान्यातली एक बाई मुद्दाम कचेरीत येऊन साहेबांच्या पाया पडायला लागली. साहेब इतके लाजले की त्यांनी मला खिशातून काढून तिच्यापुढे धरलं. म्हणाले, मोजलं हिने. त्या दिवसाइतकं सुख मला परत कधी झालं नाही.

मग माझं टोक तुटलं. एका गोदामाचा लोखंडी दरवाजा वाऱ्याने आपटला, मी मध्ये होते. आकडी गेली, तिच्यासोबत पहिले सात सेंटिमीटर गेले. आता मी सातावर सुरू होत होते, तेही वेडंवाकडं.

साहेब दुसऱ्याच दिवशी भांडारात नवी टेप मागायला गेले. भांडारवाल्याने सांगितलं, जुनी जमा करा, नवी घेऊन जा. साहेबांनी मला त्याच्या टेबलावर ठेवलं. त्याने मला उलटसुलट करून पाहिलं आणि परत ढकललं. "ही मोडकी आहे. अख्खी जमा करायची असते."

"अख्खी असती तर नवी कशाला मागितली असती, बाबा?"

"ते मला नका विचारू. नियम तुम्ही लोक वाचता."

बाजारात बिनशिक्क्याच्या टेपा हव्या तेवढ्या मिळत होत्या. पण शिक्क्याच्या टेपने घेतलेलं मापच कचेरीत चालायचं, आणि शिक्का माझ्या पेटीवर होता, टोकावर नव्हता. टोक गेलं तरी शिक्का शाबूत होता. कागदोपत्री माझं काहीच बिघडलेलं नव्हतं.

तोड काढली ती लेखनिकबाईंनी. त्या साहेबांबरोबर तपासणीला जात. साहेब मोजून आकडा सांगत, त्या तक्त्यात लिहीत. बाई ठेंगण्या, चष्मा कपाळावर, तोंडाने फटकळ. त्या म्हणाल्या, "साहेब, तुम्ही दहाच्या लाल खुणेवर अंगठा धरा आणि दिसेल ते ओरडा. दहा मी काढून लिहीन."

तेव्हापासून तसंच सुरू झालं. साहेब दहाची खूण भिंतीला टेकवून म्हणत, "एकशे सेहेचाळीस." बाई म्हणत, "एकशे छत्तीस," आणि लिहीत. साहेब म्हणत, "नव्वद." बाई म्हणत, "ऐंशी." रिकाम्या, चुन्याचा वास येणाऱ्या खोल्यांतून त्या दोघांचे आवाज असे एकापाठोपाठ एक जात, जात्यावर दोघी बसाव्यात तसे. अकरा वर्षांत एकदाही चूक झाली नाही. आणि हेच वाईट झालं. साहेबांचं तोंड दिसेल ते सांगायला शिकलं होतं. वजाबाकी बाईंच्या पेन्सिलीत राहत होती. मी दहावर सुरू होते, हे दोघांना इतकं पाठ होतं की कुठल्याही कागदावर ते लिहावं असं दोघांच्याही मनात आलं नाही.

त्या वर्षी बाईंची आई इस्पितळात होती. बाई तीन आठवड्यांच्या रजेवर गेल्या. नेमकी त्याच वेळी एका दुमजली इमारतीच्या तपासणीची तारीख होती. ती आधी दोनदा पुढे गेली होती. इमारतीचा दुसरा मजला एका ताईंनी वृद्धाश्रमासाठी घेतला होता. अकरा म्हातारी माणसं त्यांच्या आसऱ्याला होती आणि जुन्या जागेचा करार त्या दिवशी संपत होता. आम्ही पोचलो तेव्हा फाटकाशी ट्रक उभा होता. त्यात पलंग, गाद्या, संडासाच्या खुर्च्या, एक शिवणयंत्र आणि ड्रायव्हरशेजारी दोन आज्या. ताई साहेबांना म्हणाल्या, की आज तुम्ही आला नसतात तर मी यांना घेऊन रस्त्यावरच बसले असते.

साहेब एकटेच जिना चढले. वृद्धाश्रमाचा जिना एकशे वीस सेंटिमीटर तरी हवा, कारण तेवढा असला तरच स्ट्रेचर वळणावर फिरतं. लिफ्टची नुसतीच विहीर बांधलेली होती, लिफ्ट यायची होती. साहेबांनी वळणाशी अंगठ्याने माझी दहाची खूण भिंतीला टेकवली, मला कठड्यापर्यंत ओढलं आणि मोठ्याने म्हणाले, "एकशे सव्वीस."

मग ते थांबले. मला अजून आठवतं. उत्तर यायचं असल्यासारखे क्षणभर थांबले. वरच्या मजल्यावर कोणीतरी झाडत होतं, त्याचा तेवढा आवाज आला. साहेबांनी गुडघ्यावर कागद घेतला आणि एकशे सव्वीस लिहिलं.

माझा लाल दहा त्यांच्या नखाखाली होता. मी काय करणार होते? मला तोंड नाही. मी नेहमीपेक्षा जरा जोरात परत गुंडाळले गेले, एवढंच.

बाकीची सगळी मापं दहा वगळूनही नियमात बसत होती. फक्त जिना तेवढा बसत नव्हता. तो एकशे सोळा होता. चार सेंटिमीटर कमी, म्हणजे दोन बोटं. साहेबांनी सही केली. संध्याकाळपर्यंत अकराही जण वर गेले.

बाई रजेवरून परतल्या आणि राहिलेले कच्चे कागद पक्क्या वहीत उतरवू लागल्या. या कागदाशी त्यांची पेन्सिल थांबली. त्यांनी तो आधी पुन्हा वाचला, मग उठून साहेबांच्या टेबलाशी आल्या आणि हळूच विचारलं,

"साहेब, यातले दहा कोणी काढले?"

साहेबांनी कागदाकडे पाहिलं. मग खिशातून मला काढून हातात धरलं. आपण मनातल्या मनात दहा काढलेही असतील, असं ते म्हणू लागले, पण वाक्य अर्ध्यावरच राहिलं. त्याच दुपारी दोघं तिथे गेली. साहेब म्हणाले, "एकशे सव्वीस." बाईंनी या वेळी उत्तर दिलं नाही. त्या पायरीवर बसल्या आणि चष्मा पुसत राहिल्या.

मित्रांनो, इथून पुढचे दिवस आठवले की माझ्या अंगावरचे आकडे पुसले जावेत असं वाटतं.

साहेब वरिष्ठांकडे गेले. वरिष्ठ म्हणाले, पास झालेली इमारत पुन्हा तपासायला मालकाचा अर्ज लागतो. साहेब मालकाकडे गेले. मालक हसला. सही तुमची, शिक्का तुमचा, आता अर्ज माझा हवा होय, म्हणाला, आणि चहा मागवला. साहेबांनी तो घेतला नाही. परत वरिष्ठांकडे गेले. वरिष्ठांनी दार लावून घेतलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "दोन बोटांचं काय घेऊन बसलात? निवृत्तीला आठ महिने राहिलेत तुमच्या. ही एक सही चुकली असं आपण म्हटलं ना, की अकरा वर्षांच्या सह्यांना लोक भिंग लावतील. जाऊ द्या."

साहेबांना जाऊ देता येईना. ते ताईंशी बोलायला गेले, पण तिथे पडदे लागले होते, प्रत्येकाच्या उशाशी पाण्याचा तांब्या होता, आणि ताईंनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की हेच ते साहेब, यांच्यामुळे आपल्याला छप्पर मिळालं. साहेब तसेच खाली आले. खालच्या पायरीवर बसले. दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर पुन्हा येऊन बसले. तिसऱ्याही दिवशी. जिना जणू पळून जाणार होता आणि हे त्याला राखण बसले होते. घरी जेवणावर वासना राहिली नव्हती. सदरा सैल पडू लागला. खिशात मी असायची आणि त्यांचं काळीज माझ्या पेटीवर धडधडायचं.

वरच्या म्हाताऱ्यांपैकी एक शिंपीआजोबा होते. ट्रकमधलं शिवणयंत्र त्यांचंच. वय ब्याऐंशी, पण रोज एकदा जिना उतरून चढायचे, गुडघ्यांना धाक राहतो म्हणून. साहेबांना असं बसलेलं पाहून एके संध्याकाळी ते शेजारी टेकले.

"बायकोने घराबाहेर काढलं, की जिन्याने उधारी बुडवली?"

साहेबांनी त्यांना सगळं सांगितलं. दुसऱ्या कोणाला सांगता आलं नव्हतं, पण या म्हाताऱ्याला आलं. आजोबांनी मला हातात घेतलं, माझं तुटकं टोक अंगठ्याने चाचपलं. पन्नास वर्षं टेप गळ्यात घालून हिंडलेला माणूस तो. म्हणाले, "आमच्यात टेप पुढून झिजली की त्याच दिवशी कात्रीने चार तुकडे करायचे. अख्खी दिसते तोवर हात तिच्याकडे जाणारच. तुम्ही तर हिला अकरा वर्षं पोसलीत."

"आता काय करू?"

"मला काय विचारता? पायजमा असता तर उसवून दिला असता."

पण दुसऱ्या दिवशी ते खाली आले ते एक हातांची मजबूत खुर्ची घेऊन. जिना रुंद होईल तेव्हा होईल, म्हणाले, तोवर एखाद्याला न्यायची वेळ आली तर बसवून नेता आलं पाहिजे. त्यांनी जाड कापडाचे पट्टे शिवायला घेतले, माणूस खुर्चीला बांधता येईल असे, आणि उचलणाऱ्यांच्या खांद्यांत अडकतील असे. पट्टे त्यांनी माझ्यानेच मोजले. दर वेळी माझा लाल दहा कापडाच्या कडेला लावत आणि खोलीभर ऐकू जाईल असं म्हणत, "दहा वजा." साहेबांनाही म्हणायला लावत. "मोठ्याने म्हणा, साहेब. मनातलं कापडाला ऐकू येत नाही."

त्याच आठवड्यात साहेबांना वाट सापडली. ती नियमांच्या पुस्तकातच होती आणि त्यांना तीस वर्षं पाठ होती. साध्या नागरिकाने कुठल्याही इमारतीबद्दल लेखी तक्रार केली, तर सात दिवसांच्या आत दुसऱ्या विभागाच्या माणसाने येऊन तपासणी केलीच पाहिजे. त्याला वरिष्ठ थांबवू शकत नाहीत, मालकाचा अर्ज लागत नाही. साहेब रजा टाकून, चप्पल घालून, साध्या माणसासारखे स्वतःच्याच कचेरीच्या खिडकीशी रांगेत उभे राहिले. त्यांनी अर्ज आत सरकवला. खिडकीतल्या माणसाने तो वाचला आणि ओळखीचं हसला.

"साहेब, गडबडीत तुमचं नाव चुकीच्या रकान्यात पडलंय. तुम्ही तक्रारदार ना? हा रकाना तक्रार कोणाविरुद्ध याचा आहे."

"दोन्ही रकाने बघा. दोन्हींत आहे."

त्या माणसाचं हसू ओसरलं. त्याने शिक्का उचलला, पण बराच वेळ मारलाच नाही. मग मारला. तारीख मिळाली सातव्या दिवसाची.

ते सात दिवस सगळ्यांत वाईट. आता हातात काहीच नव्हतं, नुसतं मोजायचं होतं. साहेब रजेवरच होते, ते सकाळपासून जिन्यावर बसू लागले. बाई कचेरी सुटली की येत आणि त्यांच्यासाठी आणलेला डबा तसाच परत नेत.

पाचव्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला वरून काहीतरी पडल्याचा आवाज आला. शिंपीआजोबा शिवणयंत्रावरून खाली कोसळले होते. तोंड वाकडं झालं होतं, शब्द फुटत नव्हता. रुग्णवाहिका लगेच आली. दोन धट्टीकट्टी माणसं स्ट्रेचर घेऊन वर गेली, आजोबांना त्यावर घेतलं आणि वळणाशी आली. तिथे स्ट्रेचरचा दांडा भिंतीला लागला. त्यांनी ते मागे घेतलं, तिरकं केलं, पुन्हा लागला. तिसऱ्यांदा भिंतीचा गिलावा उडाला. आजोबांचं डोकं एका बाजूला कललं. ताई वरून रडवेल्या आवाजात विचारत होत्या, काय झालं, का थांबलात.

मी साहेबांच्या खिशात होते. मला ती दोन बोटं माहीत होती. दांडा आणि भिंत यांच्यात ती नव्हती, एवढंच.

साहेब ओरडले, "खुर्ची आणा." बाई धावत वर गेल्या. आजोबांनी स्वतः शिवलेले पट्टे त्यांच्याच छातीवरून घेतले, त्या दोघा माणसांनी खांद्यांत अडकवले, साहेबांनी पुढून पाय धरले. पट्टे बरोबर मापाचे होते. एक बोटही कमी नाही, एक बोटही जास्त नाही. आजोबा खाली आले.

ते वाचले. डावा हात मात्र गेला तो गेलाच. वळणाशी गेलेली ती मिनिटं नसती तर हात राहिला असता का, असं साहेबांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. साहेबांनी तीनदा विचारलं, आणि डॉक्टरांनी तिन्ही वेळा तेच सांगितलं.

सातव्या दिवशी तपासणीला एक तरुण बाई आल्या. त्यांच्याकडे टेप नव्हती. हातात मावणारं एक यंत्र होतं. त्यातून भिंतीवर लाल ठिपका पडला आणि आकडा आपोआप उमटला. एकशे सोळा. ना कोणी ओरडलं, ना कोणी उत्तर दिलं. साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला आणि मग तोंड हातांत झाकून घेतलं.

जिना रुंद होईपर्यंत दुसरा मजला रिकामा करण्याचा हुकूम निघाला. मालकाला तळमजल्यावरचे दोन गाळे द्यावे लागले, पण त्यांत सहाच पलंग बसले. उरलेल्या पाच जणांना दूरच्या दुसऱ्या आश्रमात पाठवावं लागलं. त्या ट्रकमध्ये बसून आलेल्या दोन आज्या नऊ वर्षं एकाच खोलीत राहिल्या होत्या. त्यांतली एक गेली, एक राहिली. ताई गाद्या बांधत होत्या, साहेब दोरी धरायला पुढे झाले. ताईंनी दोरी सोडली नाही. म्हणाल्या,

"तुम्ही तक्रार केली नसती, तर मी तुम्हाला जन्मभर देवमाणूस म्हटलं असतं. आता काय म्हणायचं, तेच मला कळत नाही."

साहेब म्हणाले, "काही म्हणू नका, ताई. फक्त जिना झाल्याशिवाय कोणाला वर नेऊ नका."

साहेबांना कामावरून काढलं. चौकशीत बाईंनी सांगितलं, की दहा काढायची युक्ती माझी होती, ती मी कुठेच लिहून ठेवली नाही, तेव्हा अर्धी चूक माझी धरा. चौकशीच्या कागदांत अर्धी चूक लिहायला रकाना नव्हता. बाईंची दुसऱ्या कचेरीत बदली झाली. ऐकते ते असं, की शिंपीआजोबा उजव्या हाताने अजून काजं करतात आणि साहेब दर आठवड्याला त्यांना सुईत दोरा ओवून द्यायला जातात. हे मी पाहिलेलं नाही. मला पुरावा म्हणून जमा केलं.

शेवटच्या दिवशी साहेबांनी मला रुमालाने पुसलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसलं. टोकाशी आल्यावर थांबले आणि जवळजवळ ऐकू येणार नाही असं म्हणाले, "दहा वजा."

आता मी एका पाकिटात आहे, लाखेची मोहर लावलेल्या. पाकीट एका फडताळात आहे, फडताळ जुन्या कागदांच्या खोलीत. इथे कोणी काही मोजत नाही. मित्रांनो, मला पुसा, मला तेल द्या, असं मी म्हणणार नाही, माझे ते दिवस गेले. मी तुटले याचंही मला आता दुःख नाही, प्रत्येक वस्तू कुठेतरी तुटतेच. पण तुमच्या घरात, कामात, तुमच्या स्वतःच्या अंगात जी काही खोट असेल, ती नुसती ओळखून तिच्याशी जमवून घेऊ नका. ती लिहून ठेवा. मोठ्याने सांगा. जो तुमच्यानंतर ती वस्तू हातात घेणार आहे, त्याला सांगा. जी तुम्हाला पाठ असते, ती दुसऱ्याला दिसत नाही.

आणि आणखी एक. मोहर लावण्याआधी इथल्या कारकुनाने माझ्या पेटीवरचा शिक्का पाहिला, मला उघडून पाहिलं नाही, आणि पाकिटावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: मोजण्याची टेप, नग एक, लांबी पाच मीटर.

तुमच्यापैकी कोणी कधी या खोलीत आलं, तर एवढं करा. यातले दहा काढा.